कासारणीचा हात

बांगड्या विकणं वेगळं आणि बांगड्या भरणं वेगळं. विकायला काय, पोलादपूरच्या स्टँडसमोर टोपली मांडून बसलं तरी चालतं. बाई येते, रंग बघते, पुडी बांधून घेते आणि जाते. भरायला मात्र समोरचीचा हात आपल्या हातात यावा लागतो. काचेचं काकण पंजावरून वर चढतं तेव्हा हाडं क्षणभर एकमेकांवर दबतात, दुखतं. दुखेल या भीतीनं बाईनं मूठ वळली की काकण फुटलंच म्हणून समजा. माझे सासरे म्हणायचे, "तोंड मिटून बांगडी भरता येत नाही. बाईला बोलती करायची. ती बोलण्यात गुंतली की हात सैल सोडते."

हे ते माझ्या नवऱ्याला सांगायचे, मला नाही. धंदा पुरुषांचा होता. मी आतल्या खोलीत भाकऱ्या थापत ऐकायची.

मी सांगोल्याच्या पलीकडची. आमच्याकडं उघडं माळरान, येणारा माणूस पार लांबून दिसतो, तोवर आपली तयारी होते. पोलादपुरात लग्न करून आले तर चहूकडं डोंगर, वळणापलीकडचं काही दिसत नाही. मला सारखी धास्ती वाटायची. कोण कुठून समोर येईल, काय विचारेल, आपल्या तोंडून काय जाईल. शाळा सहावीतच सुटली होती. आई अंथरुणाला खिळली आणि धाकट्यांना बघायला मी घरी बसले, ती बसलेच. त्यात माझं बोलणं देशावरचं. "व्हय" म्हटलं की गल्लीतली पोरं मागून "व्हय व्हय" करत यायची. मग मी बोलणंच कमी केलं. मान हलवून भागतं तिथं तोंड कशाला उघडा.

नवरा मात्र बोलका होता. पेटी खांद्यावर टाकून तो वाड्यावाड्यांत फिरायचा आणि जेवताना दिवसभराचं सांगायचा. कुठल्या वाडीत कोण कुणाशी भांडलं ते नाही. तसलं तो पोटात ठेवायचा. गमतीचं तेवढं सांगायचा. मी हसले की त्याला बरं वाटायचं. "एवढं हसतेस तर बोलत का नाहीस?" म्हणायचा.

पावसाळा सरता सरता तो गेला. कावीळ झाली होती, ती अंगावर काढली. गौरी तोंडावर आल्या होत्या, वरच्या वाड्यांतल्या बायका वाट बघत होत्या, म्हणून फेऱ्या चालूच ठेवल्या. महाडला नेला तेव्हा फार उशीर झाला होता.

कासाराच्या घरात काकण फुटल्याचा आवाज रोजचाच. कुणी मान वर करूनही बघत नाही. त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी माझे हात उंबऱ्यावर धरले, तेव्हा सासरे उठून परसात गेले आणि विहिरीचा रहाट नुसताच फिरवत राहिले, पोहरा न लावता. भिंतीला छतापर्यंत बांगड्यांचे डबे रचलेले होते.

भाऊ न्यायला आला. त्याचं स्वतःचं घर कसं चाललंय ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सासूबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि म्हणाल्या, "पोर आमची आहे. आमच्याकडंच राहील." भावाला सुटल्यासारखं झालं आणि मलाही. मूलबाळ नव्हतं, मला ठेवून घ्यायचं काही कारण नव्हतं. तरी ठेवलं. त्या दोघांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. ते ऐकून घेणारी माणसंही ती नव्हती.

पण धास्ती गेली नाही, वाढली. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, डोंगर चढणं त्यांना शक्य नव्हतं. पुढच्या खोलीतल्या दुकानात गिऱ्हाईक रोडावलं होतं, कारण महाडच्या बाजारात तयार बांगड्यांचे रंगीत ढीग लागायला लागले होते. घर चालत होतं ते वरच्या वाड्यांवर. त्या सुटल्या की घर अडचणीत, आणि घर अडचणीत आलं की मला भावाच्या दारात उभं राहावं लागणार. हे कुणी बोललं नाही. माझं मीच मनात दळत बसायची.

एका दुपारी सासूबाई दुकानात आल्या, पाटावर बसल्या आणि आपला हात माझ्यापुढं केला. "भर."

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "बघतेस काय? अंगठा आत घे तिचा. हां. आता करंगळीकडून."

दारातून जाणारी शेजारीण थबकली. "वहिनी, तुम्ही सवाष्ण बाई, आणि हिच्या हातून?"

"माझा हात, माझी सून," सासूबाई म्हणाल्या. "तुझं दूध उतू जाईल बघ."

पहिली दोन-चार फुटली. सासूबाईंच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. मी हात मागं घेतला, तर सासरे म्हणाले, "गप्प बसून भरतेस म्हणून फुटतंय. बोल काहीतरी तिच्याशी."

"काय बोलू?"

"तेच शिकायचंय. विचारायचं आणि ऐकायचं. नुसती बडबड केलीस तर हाताला कळतं."

पुढच्या वर्षी, गौरीच्या आधी मी पेटी घेऊन निघाले. पहिल्या वाडीत अंगणात बसले, पेटी उघडली, माळा पसरल्या. बायका घराबाहेर आल्या, माझ्या कपाळाकडं बघितलं, मनगटांकडं बघितलं. कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही. एकीचा हात भाजला होता. एकीला पोराला झोपवायचं होतं. एक म्हणाली, "रंग झ्याक हायेत गो, पण आता नको, दिवाळीला बघू." शेवटी एक म्हातारी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सासऱ्याला पाठव बाय. तुझ्यावर राग नाय कुणाचा. पन सणाचं काकण हाय ना."

त्यांचंही मला कळत होतं. घरोघरचे पुरुष मुंबईला. कुणी गोदामात, कुणी हॉटेलात, कुणी बंदरावर. वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला काय ते दर्शन. माणूस डोळ्यांआड असला की जीव काकणातच अडकलेला असतो. त्या काकणाला विधवेचा हात लागू द्यायचा कसा? मीही त्यांच्या जागी असते तर पोर झोपवायला आत गेले असते.

घरी आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"बायका शेतावर होत्या," मी म्हणाले.

त्यांनी पेटीकडं बघितलं. जशी नेली तशीच भरलेली. पुढं काही विचारलं नाही. "उद्या कापड्याच्या वरची वाडी कर," एवढंच म्हणाले.

कापड्याला एसटीतून उतरून पायवाटेनं वर चढायचं. त्या वाडीतही तसंच झालं. बायका लांबून बघत होत्या. मी पेटी आवरायला घेतली तेवढ्यात गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक बाई आली. उंच, काळीसावळी, आवाज असा की पलीकडच्या बांधावरच्या माणसालाही ऐकू जावा. भारा खाली टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली.

"कासाराची सून ना गो तू?"

मी मान हलवली.

"तुझा नवरा गेला ते कळलं आम्हाला. कसा गेला?"

तो गेल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक मला सांभाळून घेत होते, म्हणजे माझ्यासमोर त्याचं नाव काढत नव्हते. घरात सासूबाई डोळे चुकवायच्या, सासरे दुकानात जायचे. मला वाटायचं, तो नव्हताच की काय कधी.

"काविळीनं," मी म्हणाले.

"ते माहीत हाय. कसा गेला ते विचारते. तू होतीस जवळ?"

"व्हय," मी म्हणाले, आणि वाटलं, आता ही हसणार. ती हसली नाही. मग मी सांगत सुटले. त्याचे डोळे कसे हळदीसारखे झाले होते, पाणी पाजलं की गालावरून ओघळायचं, शेवटी शेवटी मला ओळखायचा नाही पण हात धरला की बोटं दाबून बघायचा, भरायच्या आधी बायकांचा हात बघतात तशी. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. रडत होते आणि बोलत होते. तिनं मला गप्प केलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. नुसती बघत राहिली, मधूनच "मग?" म्हणायची.

माझं संपलं तेव्हा तिनं हात पुढं केला. "आता भर. हिरव्या."

"नको," मी म्हणाले. "तुमच्या घरात बोलतील."

"बोलायला घरात हाय कोण? सासू हाय, ती मी श्वास घेतला तरी बोलते."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगो, नवरा मुंबईला हाय तुझा, जरा इचार कर."

"तो मुंबईला हाय, हिचा हात कापड्याला हाय," ती मागं न बघता म्हणाली. "त्याला व्हायचं ते त्याच्या विडीनं होईल. त्या विडीला काय नाय बोलत तुम्ही?"

बायका हसल्या. मी तिचा हात घेतला. गवत कापून कापून खरखरीत झालेला मोठा पंजा. "माझा हात म्हणजे पाटा हाय," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला घाम फुटायचा." एकही काकण फुटलं नाही. भरून झालं की बाईनं कासाराला वाकून नमस्कार करायचा, अशी रीत. ती वाकली आणि मी पाय आत ओढून घेतले. विधवेला नमस्कार कुणी करतं का? तिनं मातीला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाली, "पाय चोरलेस तरी जमीन हायच की."

त्या दिवशी तिच्यामागून आणखी कुणी आलं नाही. पण पुढच्या खेपेला तिची चुलत जाऊ बसली, मग शेजारची, मग 'सासऱ्याला पाठव' सांगणाऱ्या म्हातारीची नातसुद्धा दुसऱ्या वाडीतून चालत आली. वर्षा-दोन वर्षांत वाड्या पुन्हा आमच्या झाल्या. सासरे संध्याकाळी रिकामी पेटी उघडून बघायचे आणि उगाच आतून फडक्यानं पुसायचे.

मी काय वेगळं केलं असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. त्या बाईनं माझ्याशी जे केलं तेच मी करत गेले. हात हातात घेतला की आधी काकण उचलायचं नाही. विचारायचं. खरंच जे विचारायचं असतं आणि कुणी विचारत नाही, ते. पोर राहत नाही, त्याबद्दल. मुंबईहून चिठ्ठी नाही, त्याबद्दल. आणि विचारून झालं की आपलंही सांगायचं, नुसतं काढून घ्यायचं नाही. बाई सांगता सांगता हात सोडून द्यायची, पार मेल्यासारखा जड. एका वाडीतलं मी दुसऱ्या वाडीत कधी नेलं नाही. बायका पारख करतात. मुद्दाम काहीतरी खोटं सांगून बघतात, ते फिरून येतं का. नाही आलं की मग खरं सांगतात.

आणि ती माझी मैत्रीण झाली. आपल्याला मैत्रीण आहे, हेच मला कितीतरी दिवस नवल वाटायचं. फेरीत तिची वाडी मी शेवटी ठेवायची, म्हणजे बसायला मिळेल. ती तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची. "खा गो, तुमच्याकडं नुसती ज्वारी खाऊन माणसं काड्या झालेली." मी म्हणायची, "आमच्याकडं माणसं सरळ तरी चालतात, तुमच्यासारखी डोंगर चढून वाकडी नाहीत." मला असं बोलता येतं हे मला तिच्यामुळं कळलं.

तिचा नवरा मी एकदाच बघितला, गणपतीत. बुटका, हसऱ्या तोंडाचा. कापडाच्या गोदामात गठ्ठे उचलायचा. मला म्हणाला, "हिचे हात तुम्हीच भरता होय? लय आवाज करतात. भांडायला आली की आधी बांगड्या कळतात, मग ही." ती आतून ओरडली, "मग कान बंद कर." त्यांची दोन पोरं मधे पळत होती. सासू ओट्यावर बसून माझ्याकडं बघत होती. म्हातारी स्वतः कधीच्या काळापासून रिकाम्या हातांची. तिचा हात मी कधी धरला नव्हता. ती माझ्याशी बोलायची नाही. मी आले की आत जायची.

त्याच्या पुढच्या शिमग्याआधीची गोष्ट. कापड्याला एसटीतून उतरले तर दुकानदार म्हणाला, "वर चाललीस? तुला कळलं नाय वाटतं." त्याच्या दुकानात फोन होता, साऱ्या वाड्यांची खबर तिथंच यायची. "तुझ्या त्या मैत्रिणीचा नवरा गेला. गोदामात छातीत दुखलं, तिथंच खाली बसला तो उठला नाय. परवा आणला."

दुकानाच्या फळीला धरून मी उभी राहिले. डोळ्यांपुढं तो नव्हता, तीही नव्हती. माझे हात होते. तेच म्हणत होते सगळे. पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होते. मी परतीच्या गाडीनं घरी आले.

सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाऊन ये."

"काय तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. पेटी नेऊ नकोस."

पेटीशिवाय ती पायवाट मी पहिल्यांदाच चढले. खांदा हलका होता तरी दम लागत होता. वाडीतल्या बायकांनी मला येताना बघितलं. अंगणात पोचले तर म्हातारी ओट्यावरून उठली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी बोलली ती त्या दिवशी.

"आलीस बघायला? भरलंस तेवढं पुरलं नाय तुला? पाय ठेवू नको माझ्या दारात."

मी अंगणाच्या कडेला तशीच उभी राहिले. मैत्रीण दारात आली. तिचे हात बघवत नव्हते. एवढे मोठे हात, आणि चालली तरी आवाज नाही. सासूला काहीच न म्हणता ती खाली आली आणि गोठ्याच्या मागं, गवताच्या उडवीला टेकून बसली. मी शेजारी बसले. मला ठाऊक होतं आता काय विचारायला हवं, पण जीभ रेटेना. शेवटी विचारलं, "कसा गेला?"

तिनं सांगितलं. सांगायला तिच्याकडं फारसं नव्हतंच, ती जवळ नव्हती. गोदामातल्या माणसांनी सांगितलं तेवढंच. तेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती, दर खेपेला थोडं बदलून. गठ्ठा उचलला होता की नव्हता. पाणी मागितलं होतं की नव्हतं. "पानी मागितलं असंल ना गो? तो लय पानी प्यायचा." मी म्हणाले, "मागितलं असेल. दिलंही असेल कुणीतरी." बघितलेलं मी सांगत नव्हते, हे तिलाही कळत होतं. तरी तिनं मान डोलावली.

उन्हं कलली. मला राहवेना. "एक विचारू?" मी म्हणाले. "माझ्या हातानं झालं असं वाटतं तुला?"

नाही गो, असलं काय बोलतेस, असं कुणीही म्हणालं असतं. ती गवताची काडी मोडत बसली.

"वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. आणला त्या दिवशी वाटलं. तुला शिव्या घातल्या मनात. तुझ्या आयबापाला पन घातल्या."

तिनं दुसरी काडी उचलली.

"मग दुसऱ्या दिवशी वाटलं, हिचा चुडा कुणी भरलेला? हिच्या सासऱ्यानं. भरल्या घरच्या मान्सानं. तो तरी कुठं टिकला? आता काय वाटत नाय. आता नुसतं रिकामं वाटतं. तू विचारलंस ते बरं केलंस. नायतर ते आत राहिलं असतं आणि मी तुझ्याशी गोड गोड बोलले असते."

तिनं मला खोटं बरं वाटू दिलं नाही, म्हणून तिच्या शेवटच्या वाक्यावर मला विश्वास ठेवता आला. नाहीतर मी जन्मभर स्वतःच्या हातांकडं बघत बसले असते. आम्ही दोघी रडलो, मोठ्यानं नाही. म्हातारी गोठ्याच्या कुडापलीकडं उभी होती. तिचं पातळ फटीतून दिसत होतं. ती गेली नाही आणि आलीही नाही.

त्यानंतर त्या घरात कुणी कुणाशी बोलेनासं झालं. मी जायची, गोठ्यामागं बसायची, मैत्रीण सांगायची. "सासू बोलत नाय गो. आधी शिव्या तरी द्यायची. आता ताट पुढं ठेवलं तर जेवते, नाय ठेवलं तर तशीच बसते. माझ्याकडं बघत नाय. माझ्यात तिला तो दिसत असंल." मी म्हणाले, "तूच बोल." ती म्हणाली, "काय बोलू? तिचा पोर, माझा नवरा. कुणाचं दुःख मोठं म्हनून आधी बोलायचं?"

पावसाळ्याआधी तिचा भाऊ मुंबईहून आला. तिकडं धुण्याभांड्याची कामं मिळतात, पोरं शाळेत जातील, असं म्हणाला. ती पोरांना घेऊन निघाली. पोलादपूर स्टँडवर मी भेटायला गेले. तिच्याजवळ एक पिशवी आणि तांदळाचं एक गाठोडं. पोरं गाडी बघून खूश होती.

"म्हातारी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय नाय. ओट्यावर बसलेली. पाया पडले तर पाय पन हलवला नाय." मग जरा हसली. "तू तरी चोरलेस."

गाडी लागली. मला पुष्कळ बोलायचं होतं. ती चढता चढता म्हणाली, "तिथं माझं बोलणं ऐकून हसतील काय गो?"

"हसतील," मी म्हणाले. "थोडे दिवस."

"बरं झालं खरं सांगितलंस," ती म्हणाली.

पहिले काही महिने कापड्याच्या दुकानात तिचा फोन यायचा, माझ्या फेरीचा दिवस बघून. रुळावरच्या गाड्यांचा आवाज मागून यायचा. कुठंतरी लाइनीजवळ खोली होती. नाव सांगायची पण मला त्या गावाच्या जागा कळायच्या नाहीत. मग ती खोली सुटली म्हणाली, भावाच्या बायकोशी जमेना. दुसरीकडं बघते, पोचले की कळवते. त्यानंतर फोन आला नाही. दुकानदाराला मी इतक्यांदा विचारलं की तो मला उतरताना बघूनच मान हलवायचा.

वाडीत मी जात राहिले. बायका हात देत होत्या; तिच्या नवऱ्यानंतर तुटतील असं वाटलं होतं, तुटल्या नाहीत. गोठ्यामागं बसून आम्ही जे बोललो ते कुडापलीकडून वाडीभर झालं असावं. एकदा मी पेटी आवरत होते तर म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "कासारणी, बस."

मी बसले, खाली, पायरीवर.

"तिची काय खबर?"

"नाही हो आई."

"फोन?"

"नाही."

तिनं समोरच्या डोंगराकडं बघितलं. "पोरं तिकडं मासे खातात की नाय," म्हणाली. मग म्हणाली, "ती हसायची ना, मला आवडायचं नाय. बाईमान्साचं हसणं कसं, खालच्या वाडीत ऐकू जायचं. आता कान लावून बसते."

पुढं दर फेरीला मी त्या पायरीवर बसायची. म्हातारीला बोलायला एकच विषय होता आणि मलाही. सून कशी भात लावायची, कशी भांडायची, एकदा सापाला कोयत्यानं कसं मारलं. मी तिला सुनेनं सांगितलेलं सांगायची, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. एक दिवस ती म्हणाली, "निघाली तेव्हा राहा म्हणाले असते तर राहिली असती ती. तोंडात होतं माझ्या. पाया पडली तेव्हा तोंडापर्यंत आलेलं." मी तिचा हात हातात घेतला. भरायचं काहीच नव्हतं. तिनं तो काढून घेतला नाही.

म्हातारी गेली ते मला दुकानदारानं सांगितलं नाही. वाडीतला एक माणूस मुद्दाम पोलादपूरपर्यंत आला, आमच्या दुकानाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कासारणीला कळवा म्हणाल्या बायका. थांबल्यात." घरच्या माणसासाठी थांबतात तशा त्या थांबल्या होत्या. सुनेला कळवायला कुणाकडंच काही नव्हतं, फोन नाही, पत्ता नाही. तिला अजून कळलेलं नसेल.

मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. बायकांनी वाट दिली. मैत्रिणीच्या चुलत जावेनं माझं मनगट धरून मला आत नेलं आणि उशाशी, सुनेनं बसायचं तिथं बसवलं. मी बसले. बायका रडत होत्या, मीही रडत होते, पण माझे डोळे दाराकडं होते. मला एकसारखं वाटत होतं, ती पायवाटेनं धापा टाकत वर येईल, दारात उभी राहील आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणेल, ऊठ गो कासारणी, ती माझी जागा हाय.